छातीत दुखत असेल तर आमच्याकडे येऊ नका

'अटॅकची ब्लड टेस्ट' म्हणजे ट्रोपोनिन, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. हार्टच्या स्नायूला इजा झाली की हे प्रोटीन रक्तात उतरतं, आम्ही तेच मोजतो. घोळ होतो तो असा, की दुखायला लागलं की लोक सरळ आमच्या लॅबच्या काउंटरवर.

मागच्या थंडीत एक काका स्वतः स्कूटर चालवत आले, कपाळावर घाम, हात छातीवर, आणि म्हणे काही नाही हो, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस जरा जास्त झाला, गॅसच असेल, पण ट्रोपोनिन करून टाका म्हणजे घरचे गप्प बसतील. आम्ही सुई लावलीच नाही, १०८ ला फोन लावला. काका भडकले, पैसे देतोय ना मी!

आता आमची बाजू ऐका. ट्रोपोनिन लगेच वाढत नाही, साध्या टेस्टमध्ये दिसायला ३-४ तास तरी जातात, हाय-सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे अगदी थोडं ट्रोपोनिनही पकडणाऱ्या टेस्टमध्ये, लवकर दिसतं पण तिलाही वेळ लागतोच. अर्ध्या तासात सॅम्पल दिलं तर रिपोर्ट नॉर्मल येईल, तुम्ही खुशीत घरी जाल आणि आत अटॅक चालूच असेल. हॉस्पिटलात आधी ईसीजी होतो, तो पोचल्यावर १० मिनिटांत व्हायला हवा, आणि त्यात मोठा अटॅक दिसला तर ट्रोपोनिनची वाट कोणी बघत नाही. नाही दिसला तर १ ते ३ तासांच्या अंतरानं दोनदा सॅम्पल, कारण आकडा चढतोय का हे बघायचं असतं. किडनीच्या पेशंटचा तर एरवीही वर असू शकतो.

दुसरं सॅम्पल जिथे पहिलं दिलं तिथेच द्या. आय आणि टी हे ट्रोपोनिन वेगळे, मशीन वेगळी, युनिट पण वेगळं. एक ताई रडतच आल्या, बाबांचा आकडा ०.०४ वरून ४० झाला म्हणून! पहिला नॅनोग्रॅम पर एमएल, दुसरा पर लिटर, म्हणजे तेवढाच.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर आकडा खोटाच कमी येतो. उपाशी राहायची गरज नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आमच्याकडे होतं, नर्सिंग होममधून सॅम्पल आमचा मुलगा घेऊन येतो, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. डिस्चार्जनंतरचं लिपिड, शुगर घरी येऊन घेतो, रविवारी पण, फक्त नऊच्या आत सांगा, नंतर पोरं पोहे-जलेबीला पळतात.