कापूस एकाधिकार खरेदी योजना (महाराष्ट्र): खुल्या बाजाराच्या बाजूने केलेली चिकित्सा

राज्यात पिकलेला सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यायचा, जिनिंग-प्रेसिंग करून, म्हणजे सरकी वेगळी काढून आणि रुई दाबून, त्याच्या गाठी बांधायच्या, त्या विकायच्या आणि आलेल्या पैशातून शेतकऱ्याचा हिशेब पुरा करायचा, अशी ही योजना होती. 1971 च्या कायद्याने तिला आधार दिला आणि 1972-73 च्या हंगामात ती सुरू झाली. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. योजनेचे शिल्पकार म्हणून यशवंतराव मोहिते यांचे नाव घेतले जाते. 2002 मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला. राज्य सरकारच्या धोरणामुळे एका प्रदेशाची शेती आणि व्यापारपेठ कशी खचते, याचे उदाहरण म्हणून खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या कापसाकडे बोट दाखवतात.

योजना हवेतून आलेली नव्हती. वेचणी संपताच देणी फेडण्यासाठी कापूस विकावा लागणारा कोरडवाहू शेतकरी आणि काट्यात, घटीत, प्रतवारीत मारणारा व्यापारी ही तक्रार खरी होती. हंगामात पडलेला भाव उन्हाळ्यात चढे आणि मधला फायदा माल साठवू शकणाऱ्याच्या पदरात जाई. हा फायदा शेतकऱ्यापर्यंत पोचवणे हा योजनेचा मूळ हेतू होता आणि तिच्या टीकाकारांनीही तो सहसा नाकारलेला नाही. त्यांचा आक्षेप रचनेवर आहे.

कामाची पद्धत अशी होती. शेतकरी सातबाऱ्यावरच्या पीक-नोंदीसह कापूस खरेदी केंद्रावर आणी. ग्रेडर वाण आणि प्रत ठरवी, काटा होई आणि माल केंद्राच्या गंजीत पडे. चुकारा एकरकमी नव्हता. हमी भावाची रक्कम हप्त्यांनी मिळे आणि तीतूनच सोसायटीचे पीककर्ज कापून घेतले जाई. हंगामाअखेर रुई-सरकीच्या विक्रीतून शिल्लक उरली, तर तिचा 75 टक्के भाग शेतकऱ्यांना बोनस म्हणून जाई आणि 25 टक्के भाव चढउतार निधीत पडे. शिवाय भांडवल निधीसाठी हमी भावातून 3 टक्के कपात होई. पणन महासंघाकडे असलेले हे काम 1980 च्या दशकात कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र महासंघाकडे गेले.

टीकेचा गाभा समजायला राज्याची सीमा पाहावी लागते. कायदा महाराष्ट्रापुरता होता, कापसाचा बाजार मात्र देशाचा. हमी भाव क्विंटलला 2,000 रुपये आहे असे धरू. पांढुर्णा, सौसर किंवा खेतियाच्या बाजारात 2,300 मिळत असतील, तर कापूस रातोरात गाडीत भरून मध्य प्रदेशात जाणार, मराठवाड्यातला आंध्रात. सीमेवर नाके बसवले, तरी बैलगाडीला वाटा पुष्कळ असतात. उलट बाहेरचा भाव 1,700 वर आला, की शेजारच्या राज्यांतला कापूस इथल्या सातबाऱ्यावर चढून केंद्रात येणार. म्हणजे नफ्याची शक्यता असलेल्या वर्षी महासंघाच्या हाती थोडा माल आणि तोट्याच्या वर्षी डोंगर. चांगल्या वर्षीच्या नफ्याने वाईट वर्षीचा तोटा भरून काढायचा हे योजनेचे गृहीतक; पण दोन्ही वर्षांचा माल सारखा नसेल, तर हा हिशेब कधीच जुळत नाही. त्यात चांगल्या वर्षीच्या शिल्लकेतून तीन भाग वाटून टाकायचे आणि एकच भाग राखायचा, मग चढउतार निधी भरणार कसा? तोट्यासाठी अनेकदा भ्रष्टाचाराला जबाबदार धरले जाते. तो नव्हता असे कुणी म्हणणार नाही, पण सगळे कर्मचारी सचोटीचे असते, तरी हा तोटा टळला नसता.

दुसरा दोष प्रतवारीतला. रुईच्या एका गाठीचे वजन 170 किलो. उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण, 34 टक्के असेल, तर 5 क्विंटल कापसातून एक गाठ निघते. उरते ती सरकी आणि थोडी घट. उतारा 33 वरून 36 टक्क्यांवर गेला, तर क्विंटलमागे 3 किलो रुई जास्त मिळते. म्हणजे कापसाची खरी किंमत उतारा, तंतूची लांबी, ओलावा आणि कचरा यांवर ठरते. केंद्रावर ग्रेडर हे सारे नजरेने ठरवी आणि मोजक्या प्रतींत बसवी. विक्रीचा पैसा मोठ्या समूहात एकत्र होत असल्याने वेचणीत पाचोळा टाळणाऱ्याला त्याचे वेगळे फळ फारसे मिळत नसे. ‘वरची प्रत’ मिळवण्याचा सोपा मार्ग शेतातून न जाता ग्रेडरकडून जाई. पाणी मारलेला, कवडी (किडका, न उमललेला कापूस) मिसळलेला कापूस गंजीत गेला, की तो कुणाचा हे विचारण्यात अर्थ उरत नसे. गिरण्यांचा खरेदीदार लांब तंतूला किती जादा देतो, ही बातमी शेतकऱ्यापर्यंत पोचण्याची वाटच बंद झाली. तोट्याचे आकडे कागदावर दिसतात. हे नुकसान दिसत नाही, आणि माहितगारांच्या मते तेच मोठे आहे.

जिनिंगचेही तसेच. अकोला, खामगाव, हिंगणघाट, यवतमाळ या बाजारांतले कारखानदार कापूस स्वतः घेऊन रुई विकण्याची जोखीम पत्करत. एकाधिकारात ते ठरावीक दराने सरकारी कापसाची सरकी काढून देणारे मजुरीदार झाले. मजुरी स्वच्छ रुईची नसून क्विंटलची असेल, तर नवी यंत्रे कोण घेईल? जिनिंगच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राला 2000 मध्ये कापूस तंत्रज्ञान मोहीम काढावी लागली.

हमी भाव ठरवण्याचा प्रश्न शेवटी राजकीयच होता. 2004 ची विधानसभा निवडणूक पाहा. 2004-05 च्या हंगामात लांब धाग्याच्या एच-4 वाणासाठी केंद्राचा आधारभूत भाव 1,960 रुपये होता. राज्याने आगाऊ बोनससह सुमारे 2,500 दिले. जागतिक भाव मात्र घसरलेले होते. एकाधिकार संपलेला असूनही सरकारी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. पुढच्या वर्षी आगाऊ बोनस काढून घेतला गेला आणि भाव एकदम खाली आला. कर्ज काढून पेरणी केलेल्या शेतकऱ्याला हा झटका फार महाग पडला.

या चिकित्सेचा सर्वांत ठळक आवाज शेतकरी संघटनेचे शरद जोशी (1935-2015) यांचा. संघटनेची सुरुवातीची आंदोलने रास्त भावासाठी होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्याच काळातली. पुढे भर बंधने उठवण्याकडे वळला आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. सरकार भाव देते त्याहून जास्त भाव ते निर्यातबंदी, साठामर्यादा आणि वाहतूकबंदीने पाडते, अशी ही मांडणी. ‘उणे सबसिडी’ हा शब्द तिच्यातूनच रूढ झाला. एकाधिकाराविरुद्ध बोलताना जोशींचा रोख केवळ मुंबईवर नव्हता, दिल्लीवरही तितकाच होता.

या बाजूची दुबळी जागाही आहे. एकाधिकार गेल्यावर विदर्भाचा कापूस शेतकरी सावरला नाही. 2000 च्या दशकाच्या मध्यावर आत्महत्यांचे प्रमाण वाढलेलेच होते. कोरडवाहू जमीन, बियाण्या-औषधांचा वाढता खर्च, मोडकळलेली सहकारी पतव्यवस्था आणि अमेरिकेच्या अनुदानांनी दबलेला जागतिक भाव यांवर व्यापारी आल्याने उत्तर मिळत नाही. ज्याच्याकडे कापूस ठेवायला खोली नाही, त्याला ‘भाव येईपर्यंत थांब’ सांगणे सोपे. यावर पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की बाजार अर्धाच उघडला. वायदेबाजारावरची, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे आज करण्यावरची, बंदी 2003 मध्ये उठली, पण गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर मिळणारे कर्ज गावपातळीवर पोचले नाही. आणि 5 मार्च 2012 रोजी, ऐन हंगामात, केंद्राने कापसाची निर्यात थांबवली. आठवड्याभरात ती अंशतः मागे घेतली गेली, तोवर बाजार समित्यांतला भाव हलून गेलेला होता.