गोळ्या कधी बंद होणार?

"किडनी बसवून आठ वर्षं झाली, रिपोर्ट नॉर्मल येतायत, मग आता तरी गोळ्या बंद करायला काय हरकत?" प्रत्यारोपण झालेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. एवढ्या वर्षांत शरीराला सवय झाली असेल, असा त्यामागचा हिशोब. यकृताचे काही रुग्ण सोडले, तर सहसा तशी सवय होत नाही. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या या गोळ्या थांबल्या की टी पेशी, म्हणजे परकं ओळखून त्यावर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, नव्या अवयवावर पुन्हा हल्ला चढवतात.

पण परक्याला आपलं मानायला शरीराला शिकवता येतं, आणि हे कळलं एका फसलेल्या प्रयोगातून. गायीची जुळी वासरं एकसारखी की वेगळी, हे ओळखायला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी एकाची कातडी दुसऱ्यावर लावून पाहिली. वेगळ्या जुळ्यांनी ती झिडकारायला हवी होती. बहुतेकांनी स्वीकारली! उत्तर अमेरिकी शास्त्रज्ञ रे ओवेन यांच्या 1945 च्या निरीक्षणात होतं: अशा जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, त्यामुळे जन्माआधीच एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात जाऊन कायमच्या वस्ती करतात. 1953 मध्ये मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भात उंदरांच्याच दुसऱ्या जातीच्या पेशी टोचून हेच घडवून आणलं. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच जातीची कातडी खपवून घेतली. 1960 चं नोबेल मेडावार आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बर्नेट यांना मिळालं ते या सहनशीलतेसाठी.

हे घडतं कसं? छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथे कोवळ्या टी पेशींना शरीरातल्याच प्रथिनांचे तुकडे दाखवले जातात. जी पेशी त्यांना घट्ट चिकटते, तिला बहुधा तिथेच मरावं लागतं. या चाळणीच्या वेळी परक्या पेशी हजर असतील, तर त्याही 'आपल्या' ठरतात. मोठ्या माणसात मात्र चाळून निघालेली फौज आधीच रक्तात फिरत असते. एखाद्या विषाणूचा तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एखादी. परक्या माणसाच्या एचएलए प्रथिनांवर, म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणांवर, उठणाऱ्या मात्र शंभरात एक ते दहा. म्हणून नुसता रक्तगट जुळून भागत नाही. आणि म्हणूनच 'इम्युनिटी बूस्टर' विकणाऱ्यांनी या रुग्णांपासून चार हात लांब राहावं. डॉक्टर जे महत्प्रयासाने दाबून ठेवतात, तेच हे 'वाढवून' देणार!

काही केंद्रांत किडनीसोबत त्याच दात्याची अस्थिमज्जाही देऊन पाहिली गेली आहे. दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तात मिसळतात, त्या वासरांसारख्याच. त्यातल्या काही रुग्णांच्या गोळ्या खरोखरच बंद झाल्या.