कॅल्शियम रिॲक्टर: आधी अल्कलिनिटी मोजा, मग व्हॉल्व्ह फिरवा

कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कॅल्शियम रिॲक्टर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस सोडून कॅल्शियमचे खडे (मीडिया) विरघळवणारं उपकरण, घेणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मिनिटाला गॅसचे किती बुडबुडे ठेवायचे? याचा एकच आकडा आम्ही सांगत नाही. बुडबुडे मोजणाऱ्या प्रत्येक काउंटरमधला बुडबुडा लहान-मोठा असतो आणि प्रत्येक टाकीतल्या कोरलचा कॅल्शियम-अल्कलिनिटीचा खप वेगळा. त्यामुळे आधी तो खप काढा.

कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या मुख्यतः कार्बोनेटांचं माप, एकक डीकेएच) ८-९ डीकेएच हाताने डोस देऊन आणून ठेवा. आहे ती पातळी टिकवणं हे रिॲक्टरचं काम. घसरलेली पातळी त्याच्याकडून वर ओढून घेऊ नका. मग डोस बंद करून २४ तासांनी पुन्हा अल्कलिनिटी मोजा. जेवढी उतरली तेवढा रोजचा खप.

समजा टाकीत ४०० लिटर पाणी आहे आणि रोज १ डीकेएच उतरते. रिॲक्टरमधून पडणारं पाणी २५ डीकेएचचं, टाकीतलं ८ चं, फरक १७. ४०० गुणिले १, भागिले १७, म्हणजे दिवसाला साधारण २३.५ लिटर, मिनिटाला १६ मिली. मापाच्या नळीत मिनिटभर धार धरून तपासा.

ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) मीडियासाठी रिॲक्टरच्या आतला पीएच ६.५ ते ६.७ ठेवा. फार खाली नेलात तर मीडियाचा चिखल होऊन पाणी अडतं. पीएच मोजणारा प्रोब पीएच ७ आणि ४ च्या द्रावणात नियमित कॅलिब्रेट करा. तरीही प्रोबपेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या अल्कलिनिटीवर आमचा जास्त विश्वास आहे.

गॅस आणि धार एकाच दिवशी कधीही बदलू नका. एक बदला, थोडंच बदला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला टाकी मोजा. दिवसात १ डीकेएचहून जास्त फरक पडू देऊ नका. नाजूक कोरलची टोकं पांढरी पडू शकतात.

मीडिया विरघळताना दर २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम मिळतं, कोरलही जवळपास त्याच प्रमाणात घेतात. म्हणून एकटं कॅल्शियम कमी दिसलं तर रिॲक्टरला हात न लावता आधी टेस्ट पुन्हा करा, मॅग्नेशियम पाहा आणि कॅल्शियम वेगळं द्या.

रिॲक्टरचं पाणी आम्लधर्मी असतं, ते संपमध्ये (टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) स्किमरजवळ (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राजवळ) सोडा. धार बारीक झाली तर नळी साफ करा. गॅसचा सिलिंडर उभा, बांधलेला आणि हवेशीर जागीच हवा. आडवा ठेवल्यास द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो.