नुसतं मोठं दिसून भागत नाही

ठाण्यात शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की पालक हमखास विचारतात, "१६०० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप घेऊ की २००० पट?" विचारायला हवं ते वेगळंच: अगदी जवळचे दोन ठिपके त्यात दोन दिसतात की एकच?

प्रकाश ही लहर आहे. त्यामुळे भिंगातून पाहिलेला कितीही बारीक बिंदू सुमारे २०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ठिपका होऊनच दिसतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये ही मर्यादा मांडली. पेशीतला रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारा कण, जेमतेम २५ नॅनोमीटरचा. चित्र कितीही ताणा, तो धूसरच राहणार.

या मर्यादेशी भौतिकशास्त्रज्ञ एरिक बेट्झिग अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत झुंजले, वैतागून बाहेर पडले. १९९५ मध्ये एक कल्पना छापून वडिलांच्या यंत्रनिर्मितीच्या कंपनीत रुजू झाले. मला भुरळ पडते ती त्या कल्पनेची.

येऊरच्या डोंगरावरून पावसाळी रात्री घोडबंदर रोडचे टॉवर पाहा. सगळ्या खिडक्यांचा उजेड एकमेकांत मिसळलेला असतो. पण एका वेळी एकच खिडकी उजळली, तर तिचा उजेड पसरट असूनही त्याचा मध्य नेमका सांगता येतो. पेशीत हे घडवायला हवे होते हुकमी पेटणारे रेणू. तशी प्रथिनं २००२ च्या सुमारास मिळाली. मंद जांभळ्या प्रकाशानं त्यांतली मूठभर जागी होतात, दुसऱ्या लेझरखाली चमकतात, कॅमेरा टिपतो, मग ती कायमची विझतात. पुन्हा नवी मूठभर. अशा हजारो फ्रेम. प्रत्येक ठिपका धूसरच असतो, फक्त त्याचा मध्य गणितानं काढायचा. त्यातली चूक टिपलेल्या फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते: फोटॉन १०० पट, तर चूक एक दशांश. सगळे मध्य एकाच चित्रात मांडले की २० नॅनोमीटरच्या आसपासचा तपशील उमटतो.

हे यंत्र बेट्झिग यांनी मित्र हॅराल्ड हेस यांच्या दिवाणखान्यात जुळवलं. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०१४ मध्ये श्टेफान हेल व विल्यम मोर्नर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

 

या पद्धतीतही अडचण आहे: हजारो फ्रेम घेताना जिवंत पेशी स्वस्थ बसत नाही, शिवाय लेझरनं होरपळते. म्हणून बेट्झिग यांनी पुढे प्रकाशाचा अतिपातळ पडदा पेशीतून सरकवणारा मायक्रोस्कोप घडवला. त्याचा शोधनिबंध नोबेल जाहीर झालं त्याच महिन्यात आला.