पितळी ताटाची डावी बाजू

नाशिकच्या भांडी बाजारातून हौसेनं पितळी ताटं आणली, चिंच लावून लख्ख घासली आणि पाहुण्यांना थेट त्यात वाढलं, तर जेवणं आटोपल्यावर एकदा ताटाची डावी बाजू निरखून बघावी. भात-पोळी होती तिथे ताट पिवळं राहिलेलं असतं. मीठ, लिंबू आणि लोणच्याच्या जागी मात्र तांबूस डाग दिसतात.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लाशी गाठ पडली की जस्त आधी विरघळतं आणि पृष्ठभागावर तांबं उघडं पडतं. डागाचा रंग त्याचाच. नुसत्या आम्लाला तांबं सहसा दाद देत नाही, पण हवेतला ऑक्सिजन आणि मिठातला क्लोराइड मदतीला आले की तेही हळूहळू अन्नात उतरतं. कोशिंबीर किंवा ताक अशा भांड्यात राहिलं की कळकतं, ते यामुळेच. हिरवट झाक, कडवट-तुरट चव, आणि तांबं जास्त पोटात गेलं तर मळमळ नि उलट्या. आपल्या वाढण्याच्या पद्धतीत आंबट-खारट सगळं डावीकडेच एकवटतं, त्यामुळे ताटाची खरी परीक्षा तिथेच होते.

यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई, भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ थर. भांडं तापवून नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पूड टाकली की पांढरा धूर उठतो. उष्णतेनं नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात आणि दुसरा वायू धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो. ही सफाई झाली नाही तर कथील पसरतच नाही, त्याचे मणी होऊन गडगडतात. सफाई झाली की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाचा बोळा झरझर फिरवायचा; चांदीसारखी झळाळी डोळ्यांदेखत पसरत जाते. बघत उभं राहावं असं काम आहे हे! कथील तांब्याला रंगासारखं नुसतं चिकटत नाही. सांध्यावर दोघांचं मिळून संयुग तयार होतं, म्हणून कल्हई सहज सोलून निघत नाही.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. वाढायच्या ताटाला त्याची चिंता नाही, पण कल्हईचं पातेलं रिकामं आचेवर ठेवलं तर थर ओघळतो. तारेची घासणीही त्याची वैरीण. कल्हईवाल्याला शुद्ध कथीलच वापरायला सांगावं. स्वस्त पडावं म्हणून त्यात शिसं मिसळलं तर थर दिसायला तसाच दिसतो आणि विष ताटात येतं.

हे सगळं नको असेल तर ताट पितळी ठेवून आंबट पदार्थांना काचेच्या वाट्या द्याव्यात. माझ्या मते दिसतातही छान. तांब्यात साधं पाणी चालेल, लिंबू सरबत नको. आणि शोभेच्या पितळी वस्तू घेताना एक बघावं: काहींवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लाखेसारखा थर दिलेला असतो. तो पूर्ण काढल्याशिवाय कल्हई बसत नाही. अशी ताटं भिंतीवरच बरी.