साठ म्हणजे मधला सी, पण साठ ही ‘किंमत’ नव्हे

‘मिडीत प्रत्येक स्वराला नंबर आहेच, तोच मॉडेलला द्या, झालं काम!’ संगीतासाठी एआय मॉडेल घडवणाऱ्यांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांना स्वर कळवायची डिजिटल पद्धत.) तो अर्धवट आहे.

1983 पासूनच्या मिडीत 0 ते 127 क्रमांक असतात. 60 म्हणजे मधला सी, 69 म्हणजे 440 हर्ट्झचा ए. पण हे क्रमांक घरनंबरासारखे आहेत. नुसता आकडा दिला तर 60 ला 61 सर्वांत जवळचा आणि 72 लांबचा ठरतो. कानाला मात्र 72 हा तोच स्वर, वरच्या सप्तकातला. 61 शेजारी असूनही खटकतो. शिवाय दोन पर्यायांत घुटमळणारं मॉडेल सरासरी काढतं. 60 आणि 67 मधून 63.5! असली पट्टी पेटीवर शोधून दाखवा.

म्हणून सहसा प्रत्येक स्वर स्वतंत्र खूण मानतात आणि मॉडेल त्यांची नाती स्वतः शिकतं. गूगलच्या मॅजेंटा प्रकल्पातल्या परफॉर्मन्स आरएनएन या संगीत रचणाऱ्या मॉडेलनं तर ‘स्वर सुरू’, ‘स्वर बंद’, ‘वेळ पुढे’ आणि ‘जोर’ अशा घटनांची रांगच वापरली.

आपल्या गाण्यात हेही तोकडं पडतं. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा गंधार एका खुणेत बसवणार कसा? तिथे क्षणाक्षणाच्या कंपनसंख्येची रेषाच द्यावी लागते.