झाकण ‘टक्’ वाजलं, म्हणजे नक्की काय झालं?

सॉसची किंवा जॅमची रिकामी बरणी धुवायची, तिच्यात उकळता पदार्थ भरायचा, जुनंच झाकण घट्ट फिरवायचं आणि बरणी उलटी ठेवायची. थोड्या वेळाने झाकणाचा मधला फुगवटा ‘टक्’ करून आत बसतो आणि पदार्थ वर्षभर टिकणार असं जाहीर होतं. असे व्हिडिओ रोज नवे येतात. त्यातला आवाज खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तो आवाज आतला दाब कमी झाल्याचं सांगतो. आतले जंतू मेले की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

पण हा दाब कमी होतो कसा, ते मात्र मुळातून समजून घेण्यासारखं आहे. बंद जागेतली हवा थंड झाली की तिचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात उतरतो, हे शाळेत शिकलेलं असतं. बरणीच्या वरच्या मोकळ्या जागेत १०० अंश सेल्सिअसची कोरडी हवा आहे आणि ती २५ अंशांवर आली असं धरू. दाब ३७३ ला २९८ या प्रमाणात, म्हणजे जेमतेम २० टक्के उतरेल. खरं काम वाफ करते. १०० अंशांना पाण्याचा बाष्पदाब पूर्ण एक वातावरण, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असतो, २५ अंशांना तो त्याच्या सुमारे ३ टक्केच उरतो. मोकळ्या जागेतली हवा घालवून तिथे निव्वळ वाफ आणली, तर थंड होताना त्या वाफेचं पाणी होतं आणि मागे जवळजवळ पूर्ण पोकळी राहते. ६३ मिलिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाइतका जोर लावते. म्हणजे पोकळी पूर्ण असेल तर झाकणावर ३१ किलोंचा भार पडतो. आपल्या मनगटाच्या जोरापेक्षा हा भारच झाकण धरून ठेवतो.

कारखान्यात झाकण बसण्याच्या क्षणी बरणीच्या तोंडाशी वाफेचा झोत सोडून हवा घालवतात. घरी हेच काम उकळत्या पाण्यात होतं. झाकण लावलेली बरणी पूर्ण बुडवून उकळली की आतली हवा झाकणाच्या कडेखालून बुडबुड्यांनी निघून जाते. यासाठी घरगुती डबाबंदीचं झाकण दोन भागांचं असतं. एक सपाट चकती आणि तिला धरणारं आट्यांचं कडं. कडं बोटांच्या जोरापुरतंच आवळायचं. जास्त आवळलं तर हवा आत अडकते आणि चकती वाकते. मोकळी जागाही मोजून ठेवायची, जॅमला ६ मिलिमीटर, फळांना आणि टोमॅटोला १२. जास्त ठेवली तर हवा पूर्ण निघत नाही, कमी ठेवली तर पदार्थ उसळून कडेवर येतो आणि झाकण धरत नाही. बरणी उलटी ठेवण्याच्या पद्धतीत हवेला बाहेर जायला वाटच मिळत नाही. टक् आवाज येतो, पण पोकळी दुबळी असते.

आता जुन्या बरणीकडे. विकतच्या बरणीच्या झाकणाला आतून प्लास्टिसॉलचं मऊ अस्तर असतं. कारखान्यात ते गरम होऊन बरणीच्या कडेवर दबतं आणि त्यात कडेचा ठसा कायमचा उमटतो. दुसऱ्यांदा तेच झाकण लावलं की जुना ठसा कडेशी नेमका जुळेलच याची खात्री नाही, आणि केसाएवढी फट पुरते. शिवाय अस्तराला आधीच्या पदार्थाचा वास लागलेला असतो. म्हणून टिकवणीसाठी झाकण नवंच हवं. बहुतेक बरण्यांचे आटे तुटक असतात आणि झाकण पाव फेऱ्यात बसतं, अशा बरणीवर दोन भागांच्या झाकणाचं कडं नीट बसत नाही. तिला त्याच मापाचं नवं पाव फेऱ्याचं झाकण घ्यावं. आटे सलग असतील आणि तोंडाचं माप जुळत असेल तरच दोन भागांचं झाकण चालेल. बरणीच्या कडेवरून बोट फिरवून पाहावं, बारीकसा टवका जाणवला तर ती बरणी सुक्या जिन्नसांना ठेवावी.

काचेचंही गणित आहे. साधी काच दर अंशाला लांबीच्या लाखात सुमारे ०.९ भाग वाढते. गरम बरणी अचानक थंड झाली की बाहेरचा थर आकसू पाहतो, आतला गरम थर त्याला आकसू देत नाही आणि बाहेरच्या थरात ताण तयार होतो. ४० अंशांच्या फरकाला हा ताण ३० मेगापास्कलच्या आसपास जातो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही, कारण सूक्ष्म ओरखड्यांच्या टोकाशी ताण एकवटतो. हे ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडलं. एकदाच वापरायच्या बरणीची काच पातळ असते आणि चमच्या-सुऱ्यांनी आतून ओरखडलेली असते. तेव्हा गरम पदार्थ गरम बरणीतच भरावा, पातेल्याच्या तळाशी जाळी ठेवावी, बाहेर काढलेली बरणी कापडावर ठेवून १२ ते २४ तास हलवू नये. एवढं करूनही काही बरण्या तडकतात. प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली १०० अंशांहून जास्त तापवणाऱ्या डबाबंदीच्या भांड्यात तर त्या घालूच नयेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, अन्नात जीवघेणं विष तयार करणारा जीवाणू. या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं त्याचं सुप्त रूप, १०० अंशांना तासन् तास उकळूनही जगू शकतात. ते मारायला १२१ अंशांना सुमारे ३ मिनिटं लागतात, आणि तीही बरणीच्या थेट मध्यभागी. त्यांना वाढायला ऑक्सिजन नसलेली, कमी आम्लाची जागा लागते. उत्तम पोकळी साधलेली शेंगांची किंवा मक्याची बरणी म्हणजे त्यांच्या वाढीसाठी अगदी योग्य जागा. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बीजाणू रुजत नाहीत. म्हणून फळं आणि जॅम उकळत्या पाण्यात टिकवता येतात, भाज्या आणि मांस नाही. टोमॅटो या सीमारेषेवर असतो, त्यामुळे दर लिटरला ३० मिलिलिटर बाटलीबंद लिंबाचा रस घालावाच. कुस्करलेल्या गरम टोमॅटोच्या अर्ध्या लिटरच्या बरणीला ३५ मिनिटं, एक लिटरच्या बरणीला ४५ मिनिटं उकळावं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणून उंचावर वेळ वाढवावा. चांदीचा चमचा काळा पडला तरच अन्न विषारी, ही जुनी समजूत इथे जीव घेऊ शकते. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते, अगदी उकडलेल्या अंड्यानेही. बोट्युलिनमच्या विषाशी तिचा काही संबंध नाही. हे विष असलेल्या पदार्थाला वेगळा वास किंवा चव असेलच असंही नाही, त्यामुळे फुगलेल्या झाकणाची बरणी चाखून पाहू नये.

आंबवण्यासाठी मात्र जुनी बरणी जुन्या झाकणासकट उत्तम, कारण तिथे पोकळीही नको आणि उष्णताही नको. एक किलो चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळायचं आणि पाणी सुटेपर्यंत दाबायचं. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड तयार करतात, पुढे लॅक्टोबॅसिलस प्लँटारमसारखे आम्ल सोसणारे जीवाणू काम हाती घेतात. काही दिवसांतच पीएच आपोआप ४.६ च्या खाली जातो.

धोका इथे उलट दिशेने आहे. ल्युकोनोस्टॉकच्या मार्गाने १० ग्रॅम साखर खर्ची पडली तर सुमारे १.३ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. एक लिटरच्या बरणीत १०० मिलिलिटर मोकळी जागा असेल आणि झाकण गच्च असेल, तर बराच वायू पाण्यात विरघळूनही दाब बाहेरच्यापेक्षा सव्वा ते दीड वातावरणांनी वाढू शकतो. ही बरणी आतल्या पोकळीसाठी घडवलेली असते, आतल्या दाबासाठी नाही. म्हणून झाकण नुसतं टेकवून ठेवावं, बरणी ताटलीत ठेवावी आणि कोबी लहान बरणीच्या वजनाने पाण्याखाली दाबून धरावा. वर चार-पाच सेंटिमीटर जागा सोडावी. खारट, आंबट पाणी पत्र्याच्या झाकणाला लागलं की त्यावरच्या संरक्षक लेपाच्या ओरखड्यांतून गंज चढतो, तेव्हा मध्ये बेकिंग पेपरचा तुकडा घालावा. पांढरी सपाट साय आली तर काढून टाकावी, केसाळ रंगीत बुरशी आली तर सगळंच फेकावं. २० अंशांच्या आसपास चार आठवडे झाले की झाकण घट्ट करून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. किण्वन तिथेही मंदपणे चालू राहतं, म्हणून ती सिंकवर धरून, झाकण सावकाश फिरवून उघडावी.